डावा खांदा दोन बोटं वर

दार उघडणाऱ्या माणसाच्या तोंडात तीन टाचण्या होत्या. तरीही मला शंका आली नाही.

आता हे ऐकून सगळे हसतात. हसू देत. पण त्या दिवशी बिश्केकमध्ये सप्टेंबरचा चिकट पाऊस लागला होता, मी चाळीस मिनिटं पायपीट करून आले होते आणि माझ्या मुठीत आमच्या शाळेतल्या नर्सनं, बुर्मा एजेनं (एजे म्हणजे ताई) लिहून दिलेली चिठ्ठी होती. 'घर बारा, तळमजला. बाई फार चांगल्या आहेत. अंगात बसलेली भीती अंगावाटेच काढतात. दारावर पाटी आहे – अंगाबरोबर.' पाटी होती. निळी, सुबक, अंगाबरोबर. आता बाईंच्या जागी एक उंच, कपाळावर केस आलेला तरुण उभा होता खरा... पण म्हटलं, बाईंच्या हाताखाली शिकत असेल.

"आत या ना," तो टाचण्या सांभाळत म्हणाला. "पार भिजलात की."

खोलीत एक मोठा आरसा, एक खुर्ची आणि पलीकडे ओढलेला पडदा. बाकी काही नाही. मला वाटलं, वा, किती शांत जागा आहे.

"कधीपर्यंत हवं?" त्यानं विचारलं.

"बहिणीचं लग्न आहे. ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार. त्याच्या आत काहीही करून..."

"होईल. सात आठवडे आहेत." इतक्या सहज म्हणाला तो, की माझे डोळेच भरून आले. "आधी कुणाकडे जात होतात?"

"दोन डॉक्टर झाले. त्यांनी गोळ्या दिल्या."

तो थबकला. "गोळ्या?"

"झोपेच्या."

"हं..." त्यानं टाचण्या तोंडातून काढून बाहीला टोचल्या. "आणि... जड हवं की हलकं?"

"हलकं," मी म्हणाले. "खूप हलकं व्हायचंय मला."

मग त्यानं खिशातून मोजपट्टी काढली. हो, मोजपट्टी. पण सात महिन्यांत लोकांनी माझं काय काय मोजलं नव्हतं! रक्तदाब, नाडी, झोपेचे तास. त्यात ही एक भर, असं समजून मी आरशासमोर जाऊन उभी राहिले.

"ताठ व्हायचा प्रयत्न करू नका. रोज उभ्या राहता तशाच राहा," तो मागून म्हणाला. "पाठीला हात लावू का?"

मी आरशातून त्याच्याकडे पाहिलं. सात महिन्यांत मला सगळ्यांनी हात लावला होता. तपासलं, दाबलं, थोपटलं, गदागदा हलवलंसुद्धा. लावू का, असं मात्र एकानंही विचारलं नव्हतं.

"लावा," मी म्हणाले.

पट्टी एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. त्याची बोटं कापडाला लागत होती तेवढीच, जास्त नाही. मग तो म्हणाला, "डावा खांदा दोन बोटं वर आहे. दुखतो?"

"नाही."

"मग... या बाजूनं काहीतरी अंगावर येतंय, अशा उभ्या राहता तुम्ही. कधीची तयारी करून."

झालं. आधी गुडघे थरथरले, मग हात, मग मी सगळीच. आरशातली ती बाई रडते आहे हे मला तिच्याकडे बघून कळलं. त्याचे हात केव्हाच बाजूला झाले होते. त्यानं खुर्ची माझ्या मागे सरकवली आणि स्वतः दोन पावलं लांब जाऊन उभा राहिला.

"श्वास सोडा," तो म्हणाला. "घाई नाही. मी थांबतो."

आणि मी सगळं सांगून टाकलं. फेब्रुवारीत मी सुट्टीला घरी, कोचकोरला निघाले होते. बोओमच्या घळीत आमची प्रवासी व्हॅन बर्फावरून घसरली आणि डाव्या कुशीवर पडली, नदीपासून हातभर अंतरावर. डावीकडच्या खिडकीशी मी होते. कुणी दगावलं नाही, मला साधं खरचटलंसुद्धा नाही. म्हणून तर सगळे म्हणतात, काही झालं नाही ना, मग सुटलीस. पण त्यानंतर मी कशातच बसू शकत नाही. गाडी नाही, बस नाही. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला की पाय गळून जातात. शहरात चालते एक वेळ, पण कोचकोरला काय चालत जाऊ? मी मुलांना भूगोल शिकवते आणि नकाशात बोओमची घळ आली की तिच्यावर तळहात ठेवते. आयपेरी, माझी एकुलती एक बहीण, म्हणते, तू नसलीस तर मी लग्नाचा रुमाल डोक्याला बांधून घेणार नाही. आई, म्हणजे आमची आपा, फोनवर म्हणते, "काळीज पडलंय तुझं. इथं ये, मी उचलून देते." आमच्याकडे घाबरलेल्या माणसाचं काळीज जागचं खाली पडतं आणि जाणत्या बायका पाठीवरून हात फिरवत ते उचलून देतात. आपाला येतं ते. पण ते उचलून घ्यायला जायचं, तर रस्ता त्याच घळीतून!

तो ऐकत होता. मध्ये एकदाही 'सुटलात' म्हणाला नाही. माझं रडणं संपलं, नाक पुसून झालं, तेव्हा त्यानं मोजपट्टी बोटाभोवती गुंडाळली, उलगडली, पुन्हा गुंडाळली.

"मला... एक सांगायचंय," तो म्हणाला. "पण तुम्ही रागावाल."

"सांगा."

"मी शिंपी आहे."

त्यानं पडदा बाजूला केला. मागे शिलाई मशीन, इस्त्री, आणि एक बाही नसलेला चपान, आमचा लांब अंगरखा, टांगलेला.

मी दोघांकडेही पाहिलं. शिंप्याकडे आणि मशीनकडे. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"मग ती पाटी?"

"ल्युदमिला पेत्रोव्नांची आहे. त्या गेल्या वर्षी मुलीकडे जर्मनीला गेल्या. मी जागा घेतली तेव्हा पाटी बघितली... म्हटलं, अंगाबरोबर! माझ्या धंद्याला याहून चांगलं नाव कुठलं? खाली सुईदोऱ्याचं चित्र काढायचं होतं. राहून गेलं."

"लोक फसतात ना पण!"

"तिघंजण आले होते. पण ते दारातच विचारायचे, बाई कुठायत. सरळ आरशासमोर जाऊन उभं राहणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

आणि मी हसले. सात महिन्यांनी, शिंप्याच्या खुर्चीत, नाक लाल करून. तोही हसला. हसताना त्याच्या उजव्या गालाला खळी पडते, हे मी तेव्हाच बघून ठेवलं. उगाच. बघायला काय जातं?

"तिलेक," तो म्हणाला.

"बेगिमाय."

"मोजमाप तर झालंय, बेगिमाय. कोट शिवू का?"

"शिवा," मी म्हणाले. "रडण्याची भरपाई."

*

ल्युदमिला पेत्रोव्नांना त्यानंच फोन लावला. त्या तिकडून म्हणाल्या, "इथून मी कुणाचं नाव देणार नाही. अंगानं निवडायचं असतं हे. कुणाकडेही जा, पण तीन गोष्टी विचार. कुठं शिकलात? हात लावण्याआधी विचारता का? आणि मी थांबा म्हटलं तर थांबता का? उत्तरं कानानं ऐकू नकोस. पोटात काय होतं ते बघ."

मी प्रश्न वहीत लिहून घेतले. शिक्षिका आहे, काय करणार. तिलेक म्हणाला, मी सोबत येतो. मी म्हटलं, गाडी नाही, चालावं लागेल. तो म्हणाला, दिवसभर एका जागी बसून माझ्याही पायाला मुंग्या येतात.

पहिले गृहस्थ मोठ्या रस्त्यावर होते. भिंतभर चौकटी, चौकटींत प्रमाणपत्रं. एका बैठकीत भीती गायब, खात्रीनं. तिलेक बाहेर बाकावर बसला. गृहस्थांनी मला पालथं झोपायला सांगितलं आणि काही विचारायच्या आत मानेवर पंजा ठेवला.

"थांबा," मी म्हणाले.

"हा तुमचा विरोध बोलतोय. तोच मोडायचाय आपल्याला."

चार मिनिटांत मी बाकापाशी होते.

"किती गुण?" तिलेकनं विचारलं.

"दुसऱ्या प्रश्नाला शून्य. तिसऱ्याला उणे पाच."

"आणि पहिल्याला?"

"भिंतीवर होतं उत्तर. पण उलटी आल्यासारखं झालं, वाचलं नाही."

तो हसला नाही. वाटेत त्यानं भट्टीवरून मटण भरलेले दोन गरम सामसे घेतले, एक माझ्या हातात ठेवला आणि माझ्या डाव्या बाजूनं चालत राहिला. रहदारीच्या बाजूनं. माझ्या ते घरी गेल्यावर लक्षात आलं.

दुसरी होती बाजारामागची मालिश करणारी बाई. तिचे तळवे भाकरीएवढे. तिनं चहा दिला, माझी गोष्ट ऐकली आणि सरळ म्हणाली, "पोरी, पाठ मी लोण्यासारखी करून देईन. पण तुझी भीती माझ्या हातची नाही. खोटं कशाला बोलू? तू साबिराकडे जा. ल्युदमिलाच्याच हाताखाली तयार झालीय ती."

"कुठं राहतात त्या?"

तिनं पत्ता सांगितला आणि तिलेकला ठसका लागला. साबिरा एजेचं घर माझ्या शाळेच्या मागच्या भिंतीला लागून होतं. तीन आठवडे आम्ही शहर पालथं घालत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय?

साबिरा एजे साठीची, बुटकी, लोकरी मोजे घालून जमिनीवर बसणारी. मी वही उघडली. तिन्ही प्रश्नांची उत्तरं तिनं न कंटाळता दिली. मग म्हणाली, "आता माझा एक. दार कुठं आहे ते बघून घेतलंस?"

मी बघितलं.

"उघडंच आहे. केव्हाही उठून जायचं. आता मला काय झालं ते सांगू नकोस. पाय कुठं आहेत तेवढं सांग."

"पाय?... जमिनीवर."

"नक्की?"

मी खाली पाहिलं. माझी बोटं आत वळलेली होती आणि टाचा अधांतरी. सात महिने मी जमिनीवर नीट टेकलेच नव्हते. त्या दिवशी पाऊण तास मी फक्त टाचा टेकवायला शिकले. घरी आले आणि गोळीशिवाय झोपले. पोटात काय झालं म्हणाल तर... भूक लागली.

*

साबिरा एजे आठवड्यातून दोनदा. कधी नुसती खोली बघायची, सावकाश, मान वळवून, एकेक वस्तू. कधी थरथर यायची. ती म्हणायची, "येऊ दे. त्या दिवशी अंगाला जे करायचं होतं ते राहून गेलंय. आता करतंय बिचारं." एकदा तिनं भिंतीशी उशी धरली आणि मला डाव्या हातानं ढकलायला सांगितलं, मुंगीच्या वेगानं. ढकलता ढकलता मला एकदम कळलं की खिडकी अंगावर येत होती तेव्हा मला हेच करायचं होतं. तेव्हा वेळ मिळाला नव्हता. आता मिळाला.

आणि बाकीचे दिवस तिलेक. गाडीत बसायची सवय उभ्या गाडीपासून कर, असं एजे म्हणाली होती. तिलेककडे आजोबांची एक जुनी पांढरी गाडी होती, घर बाराच्या अंगणात अक्रोडाखाली उभी. रोज शाळा सुटली की मी जायची आणि आम्ही तिच्यात बसायचो. दारं सताड उघडी, किल्ली माझ्या खिशात.

"कुठं जायचं, बाईसाहेब?"

"कुठंच नाही."

"वा. पेट्रोलही तेवढंच आहे."

अंगणातल्या बाकावरच्या आज्यांना विषय मिळाला. एक म्हणायची, "ही दोघं रोज गाडीत बसतात आणि कुठंच जात नाहीत." दुसरी म्हणायची, "आमच्या वेळी उलटं होतं. गाडी नव्हती, पण आम्ही कुठल्या कुठं जायचो." मी कानकोंडी व्हायची. तिलेक मात्र उठून त्यांना नमस्कार करून यायचा, वर सामसे द्यायचा. लाघवी मेला.

गाडीत बसून तो सांगायचा, कोण कसं उभं राहतं. कर्जबाजारी माणसाची मान आधी पुढे येते. नव्या आईच्या कमरेची एक बाजू बाहेर. नुकतं प्रेमात पडलेल्याची छाती फुगते, बटणं लांब लावावी लागतात.

"आणि तुमची?" मी विचारलं.

"माझी काय?"

"बटणं."

तो खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "शिंप्यानं स्वतःचं माप घेऊ नये. चुकतं."

दारं एक दिवस मिटली. मग एक दिवस किल्ली फिरली. मग अंगणात एक फेरी, ताशी पाच किलोमीटरच्या दिमाखात, आज्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि कोट? कोट तो दाखवायचाच नाही. "झाल्यावर बघा," एवढंच. पण मी आले की त्याची नजर आधी माझ्या डाव्या खांद्यावर जायची. इतर मुलींच्या डोळ्यांत बघतात म्हणे लोक!

लग्नाला तेरा दिवस उरले असताना आम्ही मोठ्या रस्त्यावर गेलो, आणि शेजारून जाणाऱ्या ट्रकनं कर्णा वाजवला. पुढचं मला नीट आठवत नाही. मी दार उघडून पळत होते, हातभर पाण्याच्या पाटात एक पाय, मागून तिलेकची हाक... घरी पोचले आणि फोन करून त्याला सांगितलं, "नका येऊ. नका थांबू. माझ्यासाठी कुणीच थांबू नका." आयपेरीला सांगितलं, माझ्याशिवाय रुमाल बांध. ती नुसती हुंदके देत राहिली. ते जास्त लागलं.

साबिरा एजे म्हणाली, "पळालीस ना? फेब्रुवारीत पळता आलं नव्हतं. यावेळी दार उघडलंस, पळालीस, घरी पोचलीस. याला मागं जाणं म्हणतात होय?"

तीन दिवस तिलेकचा फोन नाही. मी त्याला नको म्हटलं होतं आणि त्यानं ऐकलं होतं. थांबा म्हटल्यावर थांबतात ते हेच, हे मला कळत होतं, तरी रागही येत होता. चौथ्या दिवशी त्याचा चारच शब्दांचा निरोप आला. 'गाडी उभी आहे. अक्रोडाखाली.'

मी शाळेतून थेट गेले. तो पुढच्या सीटवर बसून कुणाची तरी कॉलर टाचत होता. मला बघून कॉलर घाईघाईनं पिशवीत कोंबली.

"किल्ली?" मी हात पुढे केला.

त्यानं तळहातावर ठेवली. खांद्याकडे नाही, यावेळी डोळ्यांतच पाहिलं त्यानं. आणि नेमकी मीच खाली बघत बसले.

*

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. घळ सुरू झाली तसे माझे हात गार पडले. नदी डावीकडे, कडे उजवीकडे, वारा मधून. मी टाचा टेकवल्या. एक कडा बघितला, दुसरा बघितला. मेंढ्या बघितल्या. मग ते वळण आलं आणि मी म्हणाले, "थांबा."

गाडी थांबली. त्याच क्षणी, कडेला. त्यानं का म्हणून विचारलं नाही.

मी उतरले. रस्त्याकडेच्या खडीवर उभी राहिले आणि अंग थरथरायला लागलं, पानासारखं. येऊ दे, म्हटलं. ये बाई. वाऱ्यानं केस तोंडावर येत होते, नदी आपली खळाळत होती, तिला काही आठवत नव्हतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. हळूहळू थरथर गुडघ्यांत उतरली, मग पावलांत, मग खडीत. डाव्या बाजूनं काहीच येत नव्हतं. डाव्या बाजूला नुसता तिलेक उभा होता, दोन पावलं लांब.

"हात देऊ?" त्यानं विचारलं.

"दे," मी म्हणाले.

दे. तुम्ही द्या नाही... दे. दोघांनीही ते ऐकलं. त्याचा हात गरम होता आणि अंगठ्यावर सुई टोचल्याचे बारीक वण होते. कोचकोर येईपर्यंत तो गिअर बदलण्यापुरताच सुटला.

आपा अंगणात उभीच होती. तिनं मला छातीशी धरलं, पाठीवरून हात फिरवला, एकदा, दोनदा, पुटपुटायला लागली आणि मध्येच थांबली.

"हे तर जागेवर आहे," ती म्हणाली. "कुणी उचललं?"

"साबिरा एजेनं."

"हं." तिनं माझ्या खांद्यावरून गाडी पुसण्याचं नाटक करणाऱ्या तिलेककडे पाहिलं. "आणि हा कोण?"

"ड्रायव्हर," तिलेक म्हणाला.

"ये ड्रायव्हर, चहा पी."

आयपेरीनं माझ्या गळ्यात पडून आधी मनसोक्त रडून घेतलं आणि मग कानात कुजबुजली, "बघ, आपानं त्याचा चहाचा वाडगा अर्धाच भरलाय, पुन्हापुन्हा भरायला. लवकर जाऊ द्यायचं नाहीये वाटतं तिला."

चार वाडगे झाल्यावर तिलेक उठून अंगणात आला. ऊन होतं, पण कोचकोरचं ऊन, त्यानं हाडं तापत नाहीत. त्यानं गाडीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

"कोट," तो म्हणाला.

गडद निळा, आमच्या संध्याकाळच्या डोंगरासारखा, कॉलरला आतून लाल किनार. तीच कॉलर, पिशवीत कोंबलेली. "घालून देऊ?" त्यानं विचारलं. मी पाठ केली. उजवी बाही सरकली, डावी सरकली. हलका, खूप हलका. मी गाडीच्या काचेत पाहिलं आणि माझा चेहरा उतरला. उजवा खांदा चोख बसला होता. डावा मात्र फुगून वर आला होता, दोन बोटं.

"बसला नाही," मी म्हणाले.

"हो."

"त्या दिवसाच्या मापानं शिवलास तू. ती घाबरलेली... तीच राहिली ना तुझ्या डोक्यात?" मला वाटलं होतं, एक हा माणूस तरी मला त्या खांद्याशिवाय बघतो.

"तेव्हा तेच माप खरं होतं," तो शांतपणे म्हणाला. "खोट्या मापाचा कपडा मी शिवत नाही. जरा मान तिकडं कर. खांद्याला हात लावू?"

मी मान हलवली. शिवणीतून पांढऱ्या दोऱ्याचं एक टोक बाहेर आलेलं होतं, मी ते पाहिलंच नव्हतं. त्यानं ते चिमटीत धरलं आणि ओढलं. दोरा सरसर निघत आला, लांबच लांब, एका ओढीत सगळा. आणि कोट माझ्या खांद्यावर अलगद खाली बसला. अंगाबरोबर.

"उजवा पक्का शिवला होता," तिलेक म्हणाला. "डावा नुसता कच्चा. पहिल्या दिवसापासून कच्चाच ठेवला. उतरणार होता ना तो."

मी काचेत बघत राहिले. दोन सारखे खांदे. माझे. मला माहीत नव्हतं तेव्हापासून याला माहीत होतं. प्रेम म्हणजे काय असतं यावर मी आजवर मैत्रिणींशी बराच वाद घातलाय, पण त्या अंगणात माझं माझ्याशी एकदम एकमत झालं.

मी वळले. तो दोरा बोटाभोवती गुंडाळत होता, उलगडत होता, पुन्हा गुंडाळत होता. खिडकीच्या पडद्याआड आपा आणि आयपेरी असणारच होत्या. असू देत.

"तिलेक," मी म्हणाले, "तू माझा आहेस असं मी ठरवलंय. सात आठवड्यांतलं नेमकं कधी, ते विचारू नकोस. बहुतेक टाचण्या काढल्यास तेव्हाच."

मी हात पुढे केला.

"आणि... हात लावू का?"

आणि ज्यानं शहरातल्या निम्म्या लोकांचे खांदे सरळ करून दिले, त्या माझ्या शिंप्याचे दोन्ही खांदे थेट कानांना जाऊन लागले. चांगली चार बोटं. श्वास अडकलेला, कान लालबुंद, दोरा खाली पडलेला.

मी दोन पावलांवर थांबले. टाचा जमिनीवर.

"श्वास सोड," मी म्हणाले. "घाई नाही. मी थांबते."